कोचच्या ताटातला रोट

सुरतेतल्या आमच्यासारख्या खानदेशी घरातली एखादी मुलगी इंग्लिश मीडियमला गेली की तिच्यामागे एक काम कायमचं लागतं. बँकेचा मेसेज आला, वाच. औषधाच्या बाटलीवर काय छापलंय, सांग. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, पलसाण्याच्या एका कापड मिलमध्ये मुकादम आहेत. तिथे नवं मशीन आलं की त्याच्या माहितीपुस्तकाचा फोटो आधी माझ्या फोनवर येतो. मी वाचते, सांगते आणि परत माझ्या कोपऱ्यात जाऊन बसते. दुसऱ्याचं बोलणं सांगायची मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटते ती स्वतःचं बोलायची.

कॉलेज संपल्यावर कामही मला तसंच मिळालं. ऑनलाइन साड्या विकणाऱ्या एका दुकानासाठी मी घरी बसून साड्यांची इंग्रजी वर्णनं लिहिते. साडी उलट बोलत नाही, गिऱ्हाईक समोर नसतं. माझ्या मनासारखं चाललं होतं.

त्यातून मला बाहेर ओढलं माझ्या चुलत बहिणीनं. ही मोठ्या बाबांची धाकटी मुलगी. नवागामला एकाच घरात खालच्या मजल्यावर ते राहतात, वर आम्ही. ती माझ्याहून लहान आहे, पण घरात कुणाला विचारलं तर तीच थोरली वाटते. शाळेत धावायची, कॉलेजात गेल्यावर तिथल्या खेळाच्या सरांनी तिला रग्बीत घातलं. घरी तिनं सांगितलं होतं, "खो-खोसारखंच असतं, फक्त बॉल असतो." मोठ्या आईनं एकदा तिचे सोललेले गुडघे बघितले आणि म्हणाली, "खो-खो खेळताना माणूस एवढं रांगतं का गं?"

त्या वर्षी पावसाळ्यात राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक सुरतेत आल्या. मुलींच्या संघाच्या. भेस्तानजवळच्या एका कॉलेजच्या मैदानावर त्या आमच्या भागातल्या मुली निवडणार होत्या. त्या वेल्स नावाच्या देशाच्या, हिंदी येत नाही, आणि मैदानावरच्या मुली गुजराती, हिंदी, मराठी, अहिराणी सगळं बोलणाऱ्या. सरांनी विचारलं, इंग्रजी येणारी कुणी मुलगी आहे का? माझ्या बहिणीनं मला न विचारता हात वर केला.

"मी नाही येणार," मी म्हटलं.

"तुला बोलायचं नाहीये काही. ती बोलेल ते आम्हाला सांगायचं, आम्ही बोलू ते तिला. तू मध्ये नुसती पाइप."

पाइप व्हायला माझी हरकत नव्हती. म्हणून मी गेले.

पहिल्याच सकाळी माझं इंग्लिश मीडियम उघडं पडलं. कोच जे बोलत होत्या ते इंग्रजी आहे असं मला कुणी सांगितलं नसतं तर मी ओळखलं नसतं. शब्द उड्या मारत यायचे आणि वाक्याच्या शेवटी वर चढून बसायचे. मी दोन-तीनदा "पार्डन" म्हटलं. मग त्या थांबल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि सावकाश बोलायला लागल्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या बाई. नाक एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे मोडलेलं, त्यामुळे शेवटी जवळजवळ सरळ झालेलं. केस पांढरे. चिखलात त्या अनवाणी उभ्या राहायच्या. बूट घातले की पायांना मैदान कळत नाही, म्हणायच्या.

रग्बीत बॉल पुढे फेकता येत नाही हे मला तिथे कळलं. पळायचं पुढे, पण बॉल द्यायचा मागच्याला. समोरची अंगावर आली तर तिच्या कमरेला मिठी मारून तिला खाली आणायचं. कोच ओरडायच्या, "खाली! अजून खाली!" आणि मी बाजूला उभी राहून म्हणायची, "खाली जा जरा, प्लीज." मुली हसून हसून चिखलात बसायच्या.

"तू माझे शब्द बरोबर सांगतेस," कोच मला पहिल्या दिवशी पाणी पिताना म्हणाल्या, "पण माझा आवाज कुठे ठेवतेस?"

मी काही बोलले नाही. त्यांनीही परत विचारलं नाही. गप्प बसलेल्या माणसाला गप्प बसू द्यायचं त्यांना जमायचं, हे मला आवडलं. बहुतेक लोकांना नाही जमत.

त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची गोष्ट मला अशीच तुकड्यातुकड्यानं कळली. मुली धावत असताना त्या मैदानाच्या कडेनं चालायच्या आणि मी शेजारी. त्यांचं गाव कोळशाच्या खाणीचं. वडील खाणीत, काका खाणीत, शेजारी खाणीत. गावातली सगळी मुलं रग्बी खेळायची, मुली बघायच्या. ह्यांनी बघितलं नाही, खेळल्या. सकाळी सायकलवर टपाल वाटायचं आणि संध्याकाळी सराव. पुढे देशाकडून खेळल्या. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ डोकी अडकवून एकमेकांना रेटतात त्या गर्दीत, त्यांची जागा मधोमध. नाकाची वाट तिथेच लागली. खेळणं संपल्यावर आधी एका शाळेत शिकवलं. मग पुरुषांच्या एका क्लबनं बोलावलं. तिथले खेळाडू पहिले काही आठवडे त्यांना चहा आणायला सांगायचे.

"तुम्ही आणला?"

"आणला. प्रत्येकाच्या चहात मीठ घातलं. मग कुणी सांगितलं नाही."

नंतर दोन देशांच्या संघांबरोबर काम केलं. एका ठिकाणी सामना हरल्यावर विमानतळावरच फोन आला की उद्यापासून येऊ नका. हे त्या अशा सांगायच्या, जसं कुणी आपल्या लग्नातली फजिती सांगावी. "कोचला एक दिवस काढणार हे ठरलेलंच असतं. त्या दिवसाआधी आपण काय करायचं तेवढं आपलं."

आणि ह्या बाईंना माझी बहीण आवडली. बॉल घेऊन ती जी कडेनं सुटायची, ती मागे वळून बघायचीच नाही. कोच डोळे बारीक करून बघत राहायच्या. शेवटच्या आठवड्यात त्यांनी आमच्या भागातून एकच नाव घेतलं. तिचं. भुवनेश्वरला मोठं शिबिर, तिथून संघ परदेशात खेळायला जाणार.

बहीण त्या दिवशी मैदानावरून नवागामपर्यंत रिक्षात "बाबांना कसं सांगू" एवढंच विचारत होती. 

मोठ्या बाबांनी ऐकलं, हात धुतले, टॉवेलनं पुसले आणि म्हणाले, "नही."

"बाबा, ऐका तरी."

"ऐकलं. सुरतमध्ये खेळ, मी कधी अडवलं? पण तिकडे महिना महिना, परक्या बाईबरोबर? ना ओळख, ना पाळख. गाव माहीत नही, घर माहीत नही. तिना हवाले पोर कशी करी देऊ?"

मोठे बाबा रागीट नाहीत. रागीट असते तर सोपं होतं, राग उतरतो. ते विचार करून "नाही" म्हणतात, आणि मग ते तसंच राहतं. आमच्या गावाकडून सुरतेत आलेल्या कितीतरी पोरांना त्यांनी मिलमध्ये लावलंय, पण त्यांचा एक नियम आहे. ज्याचं कूळ आणि घर ठाऊक, त्याचीच जबाबदारी घ्यायची. परक्याला मदत करायची, चहा पाजायचा, पण आपलं माणूस त्याच्या हाती द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोचना सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, मी फोन करते, पत्र आणते. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या घरी जेवले कुठेय अजून?"

ही त्यांची कामाची रीत होती. मुलीला संघात घ्यायच्या आधी तिच्या घरी जेवायचं. पूर्वी एका देशात त्यांनी एक मुलगी निवडली होती, त्यांच्या म्हणण्यानुसार त्यांनी पाहिलेली सगळ्यात चांगली. विमानतळावर तिचा भाऊ आला आणि तिला बॅगेसकट घरी घेऊन गेला. "त्यांच्यासाठी मी फक्त फोनमधलं एक नाव होते. माझ्या नाकाला ते ओळखत नव्हते. तेव्हापासून मी आधी जेवते. जेवल्यावरही घर नाही म्हणालं तर मी दुसरा शब्द बोलत नाही."

"तुम्ही समजावणार नाही त्यांना?"

"नाही. आणि तूही माझ्या वतीनं समजवायचं नाहीस."

मंगळवारी सकाळी त्या सुरतेहून निघणार होत्या. त्याआधी होकार मिळाला नाही तर ती जागा दुसऱ्या राज्यातल्या मुलीला जाणार होती. मोठ्या बाबांना सवड फक्त सोमवारी, तीही त्या रविवारी-सोमवारी आमच्याकडे कानबाई होती म्हणून घेतलेल्या सुट्टीतली.

कानबाई हा आमचा खानदेशचा सण. श्रावणात रविवारी नारळाच्या रूपात देवी बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला पाण्यात पोचवतात. सुरतेत आमच्या गल्लीतल्या पोरांना गणपतीची गाणी गुजरातीत पाठ असतात, पण कानबाईला सगळे परत अहिराणीवर येतात. या सणातली सगळ्यात सांभाळायची गोष्ट म्हणजे रोट. घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून गहू काढायचे, ते दळायचे आणि त्याच्या पुरणपोळ्या करायच्या. हे रोट फक्त आपल्या भाऊबंदांनी खायचे, म्हणजे एका कुळाच्या माणसांनी. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, त्याला रोट मिळत नाही. उरलेला रोट कुणाला द्यायचा नाही, टाकायचाही नाही. घरातल्यांनीच संपवायचा. लहानपणी माझ्या शाळेतली मैत्रीण त्या दिवसांत घरी आली की तिला रोट द्यावा लागू नये म्हणून आई आम्हा दोघींना दाराबाहेरच खेळायला लावायची.

"सोमवारी कशी येऊ द्यायची तिला?" मी मोठ्या आईला विचारलं.

"येऊ दे. सणाचं घर आहे, पाहुणा उपाशी जाईल का? तिच्यासाठी साध्या, न मोजलेल्या गव्हाच्या पुरणपोळ्या वेगळ्या करते. वेगळं टोपलं."

मोठे बाबा म्हणाले, "जेवू घाला. जेवण झालं की मी तिच्या तोंडावरच 'नही' म्हणून सांगीन. मागं सांगणं मला आवडत नाही." मग माझ्याकडे वळले. "तू ते इंग्रजीत सांग तिला. नीट सांग. अपमान वाटायला नको."

म्हणजे बहिणीला शिबिर मिळणार नाही हे माझ्याच तोंडून निघणार होतं. रविवारभर मी ते वाक्य मनात इंग्रजीत जुळवत बसले. इंग्रजीत नकार देण्याचे किती सभ्य प्रकार असतात! एकही बरा वाटेना.

सोमवारी दुपारी कोच आल्या. अंगात बाजारातून घेतलेला तयार कुर्ता, त्याचं लेबल मानेवर तसंच. घरात विसर्जनाहून आलेले भाऊबंद अजून बसलेले होते. पुरुष पुढच्या खोलीत, बायका आत, आणि बायकांमध्ये सगळ्यात वयस्कर अशा आमच्या एक काकी. त्यांच्या शब्दाशिवाय कानबाईच्या घरात नारळ हलत नाही.

"हाई कोन?" काकींनी मला विचारलं.

"कोच आहेत. खेळ शिकवतात."

"ह्या वयमा?" काकींनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "नाक कसामुळे मोडनं इचार तिले."

मी विचारलं. कोच म्हणाल्या, पहिल्यांदा समोरच्या संघामुळे, दुसऱ्यांदा आपल्याच संघामुळे. मी ते सांगितल्यावर काकी एवढ्या जोरात हसल्या की पुरुष आत डोकावले. "आपला मानसंच जास्ती मारतंस, सांग तिले. तिले बी ठावूक शे म्हनजे."

कोचना पाटावर बसवलं. त्यांचे गुडघे नीट वाकत नव्हते, पण त्यांनी खुर्ची घेतली नाही. मोठे बाबा समोर, हात मांडीवर, जेवण संपायची वाट बघत. बहीण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी. ती जेवली नव्हती. मोठी आई भराभर वाढत होती, आमटी, भोपळ्याची भाजी, खीर, आणि टोपल्यातून पोळी, वर तुपाची धार. कोचनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणते?" मोठ्या आईनं विचारलं.

"म्हणतात, असं खायला असेल तर तुमची मुलगी पळते कशी?"

सगळे हसले. मोठे बाबासुद्धा ओठांच्या एका कोपऱ्यातून. कोचनी दुसरी पोळी मागितली. मोठ्या आईनं खुशीत टोपलं पुढे ओढलं, त्यावरचं कापड पूर्ण बाजूला केलं, काठावरचं पूजेचं कुंकू दिसलं, आणि तेवढ्यात काकी ओरडल्या.

"अवं माय! हाई ते रोटनं टोपलं!"

मोठ्या आईनं टोपलं झटकन मागे ओढलं.

झालं असं होतं. टोपली दोन, रोटाचं एक आणि साध्या गव्हाच्या पोळ्यांचं एक. मोठ्या आईनं दोन्ही टोपली नीट वेगळी ठेवली होती, दोन्हींवर स्वच्छ कापड झाकलं होतं. पण आमच्या घरात स्वच्छ कापड म्हणजे मोठ्या बाबांनी मिलमधून आणलेले छपाई बिघडलेल्या मालाचे तुकडे. सुरतेत कुणाच्याही घरात पडदा, उशी, पोछा, टीव्हीवरचं झाकण, सगळं त्यातलंच असतं. त्या आठवड्यात आला होता तो सगळा एकाच छापाचा, जांभळ्यावर पिवळी फुलं. दोन्ही टोपल्यांवर तीच फुलं. पोळ्या तर दिसायला सारख्याच.

"कापड कोणी आणलं एकसारखं?" मोठी आई रडवेली झाली.

 सगळ्यांनी मोठ्या बाबांकडे बघितलं. मोठे बाबा छताकडे बघायला लागले.

मग एकच गलका. कुणी म्हणालं, ताट उचला. कुणी म्हणालं, ताटातला उष्टा रोट उचलून ठेवणार कुठे? एक जण म्हणाला, गाईला घाला. काकी त्याच्यावर खेकसल्या, "गाय तुनी भाऊबंद शे का रे?"

कोचचा हात ताटावर तसाच थांबला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी काहीतरी चुकीचं केलं."

"तुम्ही नाही," मी म्हटलं, आणि रोट काय असतो ते थोडक्यात सांगितलं. त्या माफी मागत बसल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. फक्त विचारलं, "आता हे खाली ठेवणं जास्त वाईट, की संपवणं? त्यांना विचार."

मी काकींना विचारलं.  सगळे भाऊबंद त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"रोट कोनी टाकतंस का?" त्या म्हणाल्या. "पानमा पडना, तो खावाना. आनि जो रोट खाई, तो भाऊबंद. दुसरं काय करतस आते? देवीले चालनं म्हनूनच ते टोपलं तिनाकडे गयं. खाय म्हना तिले, निवांत खाय."

मी कोचना सांगितलं. त्या खायला लागल्या. मन लावून, शेवटचा तुकडा तुपात फिरवून. लोकही मोकळे झाले. कुणीतरी म्हणालं, "आपल्या कुळात एक गोरी कमीच होती." मोठ्या बाबांनी घसा साफ केला. जेवण संपत आलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, तयार राहा, अशी.

त्या वेळी मला उंबऱ्यातली बहीण दिसत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. माझं सभ्य इंग्रजी वाक्य तयार होतं. आणि मी जे बोलले ते मात्र मराठीत निघालं, ते मी जुळवलेलं नव्हतं.

"मोठे बाबा, मग ह्या परक्या कशा?"

मोठ्या बाबांनी कोचकडे बघितलं. "हे तिनं सांगितलं विचारायला?"

"नाही. त्यांनी तर मला काही समजवायचंच नाही म्हणून सांगितलंय. मी विचारतेय." वाक्य अर्धं सोडलं तर ते परत यायचं नाही हे मला कळत होतं. "तुम्ही म्हणता, ज्याचं घर ठाऊक नाही त्याच्या हाती माणूस द्यायचं नाही. काकी म्हणतात त्या आता आपल्या घरच्या झाल्या. मग दोन्हीतलं एक तरी खोटं असेल ना?"

"पोरगी बोलनी!" काकी म्हणाल्या, आणि मांडीवर थाप मारली.

मोठ्या बाबांनी मांडीवरचे हात जमिनीला टेकवले. मला वाटलं आता ते उठतील. ते उठले नाहीत. उलट पाटावरून जरा पुढे सरकले.

"तिला विचार," ते म्हणाले, "गाव कोणतं, बाप काय करायचा."

मी विचारलं. खाणीचं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, पाळी असायची का? रात्रपाळी? कोच म्हणाल्या, हो, आणि वडील दिवसा झोपले की आम्ही भावंडं रस्त्यावर खेळायचो, आवाज होऊ नये म्हणून. मोठ्या बाबांनी मान हलवली. त्यांच्या रात्रपाळीच्या दिवसांत आम्हीही गल्लीच्या टोकाला जाऊनच खेळायचो.

"आता एक विचार. माझी पोर तिकडे पडली, हाड मोडलं, तर तिच्याजवळ कोण बसेल?"

मी तो प्रश्न इंग्रजीत सांगितला. कोचनी हात पुसले.

"मी," त्या म्हणाल्या. "मुली खेळतात तेव्हा लोक मला मैदानावर बघतात. पण माझी निम्मी नोकरी दवाखान्यातल्या खुर्चीवर झालीय. कुठल्याच देशात त्या खुर्च्या बसायच्या लायकीच्या नसतात, हे मी खात्रीनं सांगते. पडणार नाही असं मी म्हणत नाही. पडेल. हा खेळच पडायचा आहे. एकटी पडणार नाही, एवढंच."

मी शब्दाला शब्द सांगितलं. काही वाढवलं नाही, काही वगळलं नाही.

मोठे बाबा मोठ्या आईकडे वळले. "तिचं पान रिकामं दिसतंय. वाढ तिला अजून एक."

मोठी आई दोन्ही टोपल्यांच्या मध्ये गोंधळून उभी राहिली. "कोणत्यातली?"

"घरच्या माणसाला वाढतो त्यातली."

उंबऱ्यातून एक किंकाळी आली. बहीण धावत येऊन कुणाच्या पाया पडावं हे न कळून आधी काकींच्या पडली. काकी म्हणाल्या, "मन्हा काय पाय पडी ऱ्हायनी, जेव आधी!" कोचना अजून काही सांगितलेलंच नव्हतं. त्या पोटावर हात ठेवून मला विनवत होत्या की आता खरंच पुरे, आणि मी त्यांना म्हणाले, "कोच, ही खावीच लागेल. ही होकाराची आहे."

त्यांनी खाल्ली. मग पाटावरून उठता येईना, तेव्हा मोठ्या बाबांनी एका हाताला आणि बहिणीनं दुसऱ्या हाताला धरून त्यांना उभं केलं.

बहीण भुवनेश्वरला गेली. मग परदेशात गेली. पण नातं जोडलं की त्याचे हक्कही येतात, हे आम्ही कोचना सांगायचं विसरलो होतो. पहिला सामना मोठ्या बाबांनी मिलमधल्या सगळ्या पाळीला फोनवर दाखवला आणि त्यात बहीण शेवटपर्यंत बाकावर बसलेली. संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं आणि कोचना व्हिडिओ कॉल लावायला लावला.

"इचार तिले," ते म्हणाले, आणि रागात असले की ते पूर्ण अहिराणीवर येतात, "आपली पोर बसाले गयी का तठे? घरना मानूस व्हईसन अशी वागस?"

कोच हॉटेलच्या जिन्यात बसलेल्या दिसत होत्या, पायाला बर्फाची पिशवी बांधलेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्यांना सांग, बाहेरचे असते तर मी म्हटलं असतं, तिची वेळ येईल. घरचे आहेत म्हणून खरं सांगते. उंचावरून येणारा बॉल ती सोडते. खाली बघत पळायची सवय आहे तिला."

मी सांगितलं.  मोठे बाबा मोठ्या आईला म्हणाले, "ते बी खरं शे. लहानपणापासून वर बघत नही ती."

पुढच्या दोन सामन्यांत कोचनी तिला थोडा थोडा वेळ खेळवलं. एकदा ती सुटली तेव्हा आमच्या गल्लीत असा गोंधळ झाला की वरच्या मजल्यावरून आईनं विचारलं, लाइट गेली का आली? संघ जिंकला नाही, पण कोचना त्या वर्षी कुणी काढलं नाही. मोठ्या बाबांनी मिलमध्ये सांगितलं, "आमच्यातल्या एकाची नोकरी पक्की झाली."

बहीण परत आली त्या आठवड्यातली गोष्ट. मी साडीचं वर्णन लिहीत होते आणि खालून धप् धप् आवाज येत होता. खिडकीतून बघितलं. मोठे बाबा कामावरून आलेले, अंगात तेच कपडे, आणि गल्लीच्या मधोमध उभे राहून रग्बीचा बॉल सरळ आभाळात फेकत होते. जेवढा जोर तेवढा. बहीण खाली पळत होती, मान वर, हात पुढे. एक बॉल पलीकडच्यांच्या दोरीवरच्या साड्यांत अडकला, एक काकींच्या वाळवणात पडला.

"खाली काय बघतेस!" मोठे बाबा ओरडले. "वर बघ, वर!"

"बाबा, तुम्ही सरळ तरी फेका!"

"सामन्यामध्ये कोण सरळ फेकणार आहे तुला?"

पुढचा बॉल माझ्या खिडकीच्या जाळीवर येऊन आपटला. बहिणीनं तो उडालेला पकडला, पडली, पण हातातून सोडला नाही. मी वरून ओरडले, "धरला!" पूर्ण गल्लीला ऐकू गेलं असावं, कारण समोरच्या घरातल्या मावशी बाहेर आल्या आणि कोण ओरडलं म्हणून मलाच विचारायला लागल्या.